पलंगावरची बैठक

बुधवारी दिवेलागणीला शालिग्रामने माजघरातला शिसवी पलंग बैठकीच्या खोलीत आणवला, तेव्हा केसरबाई उद्याच्या भज्यांसाठी बेसन चाळत होती. दोन गडी घामाघूम होऊन पलंग वाहत होते आणि त्यांच्यापुढे उलट्या पावलांनी चालत शालिग्राम नुसते हात हलवत होता. कपाळावरचा घाम मात्र तोच पुसत होता.

"अवो भाऊजी, कोणी बिमार हाय का?" केसरबाईनं चाळणी थांबवून विचारलं.

शालिग्राम तिचा धाकटा दीर. नागपूरहून बी.ए. होऊन आल्यापासून घरातही पुस्तकातलं बोलायचा. डोणगावच्या शाळेत इतिहास शिकवायचा आणि तास संपल्याची घंटा त्याला घरी आल्यावरसुद्धा ऐकू येत नसे.

"आजारी कोणी नाही, वहिनी. उद्याची बैठक अगदी पॅरिसच्या रीतीने होणार. तिकडच्या थोर विदुषी जुन्या काळी पलंगावर तक्क्याला टेकून बसत, आणि कवी, तत्त्वज्ञ, सरदार पलंगाशेजारी बसून त्यांच्याशी चर्चा करत. पलंग आणि भिंत यांच्यामधल्या त्या एवढ्याशा जागेत फ्रान्सचं साहित्य घडलं!"

"एवढ्याशा जागेत? मंग भजे कोठी ठेवत?"

शालिग्राम पलंग आणि भिंत यांच्यामधली जागा वितीने मोजत होता.

केसरबाईच्या ओठांवर एक वाक्य आलं होतं. भाऊजी, डोणगावात लग्न झालेली बाई दिवसाढवळ्या बैठकीत पलंगावर बसली की गाव त्याचा अर्थ एकच काढते: दिवस राह्यले, अन् डॉक्टरनं हलू नको म्हणून सांगितलं. त्यातून डॉक्टर तर दर गुरुवारी बैठकीला घरी येतच होता. सात वर्षं पाळणा न हललेलं शालिग्रामचं जोडपं, दर आठवड्याला डॉक्टर आणि आता त्याच्या बायकोसाठी हा पलंग. गावाला आणखी काय पाहिजे?

एवढं एक वाक्य. पण केसरबाईनं ते गिळलं आणि चाळणी पुन्हा हलवायला घेतली.

काऊन गिळलं? दिवाळीपासून दर गुरुवारी ती चुलीपुढे बसून तळत होती, म्हणून. बैठकीत हेडमास्तर 'वस्तुतः' म्हणायचे आणि पुढचं वाक्य भज्यांची ताटली आल्याशिवाय सुचायचं नाही. पोस्टमास्तर दुसऱ्यांच्या पोस्टकार्डांवर वाचलेल्या बातम्या आपल्या म्हणून सांगायचे. डॉक्टर मिटल्या डोळ्यांनी मान हलवायचे आणि घोरू लागले की सगळे म्हणायचे, विचारात आहेत. आणि बाहेरून कोणीतरी ओरडायचं, "अजून येऊ द्या!" केसरबाई येऊ द्यायची. एकदा हसं होऊ दे यांचं, तिला वाटलं. झालं हसं तर गुरुवार आपोआप बंद पडीन.

गुरुवार मूळचा शालिग्रामचा नव्हताच. तो होता अन्नपूर्णेचा, त्याच्या बायकोचा. शाळेच्या कपाटातून आणलेल्या एका जाड पुस्तकात तिनं त्या दूरदेशीच्या बायांबद्दल वाचलं. आठवड्यातला एक वार ठरवायचा, त्या दिवशी दार उघडं ठेवायचं, येईल त्याला बसवायचं, बोलायला लावायचं. आणि कोण किती बोलणार ते त्या बाईनं नुसत्या नजरेनं ठरवायचं. हे वाचून ती रात्रभर जागी होती म्हणे. पोळ्या लाटताना तिनं एकदा केसरबाईला सांगितलं होतं, "जाऊबाई, हप्त्यातले सहा दिवस मले हे गाव एकच गोष्ट विचारते. विहिरीवर, देवळात, हळदीकुंकवाले. काही हाय का? काही हाय का? गुरुवारी आलेला माणूस तेवढं विचारत नाही. तो आपलं सोताचंच सांगते. तेवढा एक दिवस मी नुसती अन्नपूर्णा असते."

केसरबाईनं तेव्हा "हूं" म्हटलं होतं आणि लाटणं तिच्या हाती दिलं होतं.

आता तो एक दिवसही टांगणीला लागला होता. नवं राज्य झालं होतं, आता जिल्हा परिषद येऊ घातली होती आणि केसरबाईच्या नवऱ्याला, अडत्या भाऊरावला, तिच्यात निवडून जायचं होतं. त्यानं तालुक्याचे पुढारी माणिकराव यांना गुरुवारच्या बैठकीचं आमंत्रण परस्पर देऊन टाकलं होतं.

घरची रीत अशी की धाकट्या सुनेनं भासऱ्याशी, म्हणजे नवऱ्याच्या थोरल्या भावाशी, थेट बोलायचं नाही. भाऊराव समोर आला की अन्नपूर्णेचा पदर नाकापर्यंत यायचा आणि दोघांची बोलणी केसरबाईच्या तोंडून ये-जा करायची. तिघं एकाच खोलीत हातभर अंतरावर उभी असली तरी. केसरबाई त्या बोलण्यांना आपल्या हातानं तिखटमीठ लावायची. बहुतेक वेळा तिखट काढूनच घ्यायची. घर टिकलं होतं ते तिच्या या हातचलाखीवर.

रात्रीच्या जेवणाआधी भाऊराव पलंगाकडे पाहत बैठकीच्या मधोमध उभा राहिला. अन्नपूर्णा दाराआड होती.

"तिले सांग," तो केसरबाईला म्हणाला, "उद्या माणिकराव येऊन राह्यले. तिकीट त्यायच्या हातात हाय. त्यायचं मन भरलं तं ठीक, नाही तं उद्याचा गुरुवार शेवटचा. हे घर हाय, नाटककंपनी नाही!"

केसरबाई दाराकडे वळली. "हे म्हणतात, उद्या मोठे पाहुणे हायेत. तेवढं सांभाळजो."

"त्यायले सांगा," दाराआडून आवाज आला, "ज्याची बैठक त्याले विचारून पाहुणे बोलवतात."

केसरबाई इकडे वळली. "हाव म्हणते."

दोघांनीही एकमेकांचं सगळं ऐकलं होतं. पण केसरबाईनं सांगितलं तेवढंच झालं असं मानायची घराची पद्धत होती.

गुरुवारी सकाळी विहिरीवर शेजारीण दोर सोडता सोडता म्हणाली, "काय वो केसरबाई, तुमच्या बैठकीत पलंग दिसून राह्यला?"

केसरबाई नुसती हसली आणि पदर ओठांना लावला.

एवढं पुरे झालं. शब्द असता तर त्याचा कोणी कीस काढला असता. हसण्याचा कीस कसा काढणार? उन्हं कलायच्या आत ते हसणं आळीआळीतून फिरून आलं.

तिसऱ्या प्रहरी बैठक सजली. पलंगावर फुलांची चादर, दोन तक्के. अन्नपूर्णा अंजिरी पातळ नेसून अवघडून बसली होती. पाय वर घ्यावे तर आजाऱ्यासारखं, खाली सोडावे तर बाजारात बसल्यासारखं. भिंत आणि पलंग यांच्यामधल्या फटीत हेडमास्तर, पोस्टमास्तर आणि डॉक्टर तीन खुर्च्यांवर दाटीवाटीनं कोंबले होते. हेडमास्तरांचे गुडघे पोस्टमास्तरांच्या बरगड्यांत होते. शालिग्रामने आजचा विषय जाहीर केला: "प्रेम श्रेष्ठ की कर्तव्य?"

"वस्तुतः," हेडमास्तर म्हणाले आणि स्वयंपाकघराच्या दाराकडे पाहू लागले.

तेवढ्यात अंगणातून बांगड्यांचा आवाज आला. एक-दोघींच्या नाही, पंधरा-वीस जणींच्या. आणि त्यावर गाणं.

*पलंगावर बसली बाई, भिंतीले लावून पाठ*
*चिंचेच्या खाली कोण, पाहून राह्यलं वाट*
*कवठ पिकलं बाई, वास घरभर दाटे*
*सात वरसाच्या वाटेले, आज फुटले गं फाटे*

पुढे होती मनकर्णाबाई, पुढारी माणिकरावांची आई. मुलगा तालुक्याला राहायचा, ती मात्र इथं याच गल्लीच्या टोकाला. माणिकरावांना तालुका भ्यायचा आणि माणिकराव तिला भ्यायचे. तिच्या हातात हिरवा खण, नारळ आणि मूठभर तांदूळ. मागच्या बायांच्या पदरांत चिंचा, कवठं, बोरं, कैरीचं लोणचं. डोहाळे लागलेल्या बाईला जे जे आंबट लागतं ते ते सगळं गावानं गोळा करून आणलं होतं.

मनकर्णाबाईनं उंबऱ्यातूनच खुर्च्यांकडे पाहिलं.

"अन् हे काय बे? ओटी भराची हाय, अन् तुमी तिच्या उशाशी काय करून राह्यले? उठा!"

"वस्तुतः आम्ही—"

"उठा म्हटलं ना!"

तीन शहाणी माणसं फटीतून बाहेर निघायला धडपडू लागली. डॉक्टर सगळ्यांत मागे होते, त्यांचा हात मनकर्णाबाईनं धरला. "डॉक्टरसाहेब, कितवा महिना म्हणाचा?"

"कोणाला?" डॉक्टर म्हणाले.

"पाहा! कसं पोटात ठेवते हा मानूस!" मनकर्णाबाई कौतुकानं म्हणाली आणि त्यांना बाहेर ढकललं. शालिग्राम दाराशी उभा राहून "अहो, पण ही रीत फ्रान्सची आहे" असं म्हणत होता. एका म्हातारीनं त्याच्या गालावरून हात फिरवून कानशिलावर बोटं मोडली. "लाजते बाई लेकरू. बाप होऊन राह्यलं ना!"

केसरबाई भज्यांची परात घेऊन स्वयंपाकघराच्या दारात उभी होती. हसू फुटणार होतं. याच घडीसाठी तर ती काल गप्प बसली होती. मग तिची नजर पलंगावर गेली.

अन्नपूर्णेच्या तोंडावर रंग उरला नव्हता. ज्या एका प्रश्नापासून लपायला तिनं आठवड्यातून एक दिवस बांधून घेतला होता, तो प्रश्न नारळ-खण घेऊन, गाणं म्हणत, तिच्याच दारातून आत आला होता. आणि मनकर्णाबाई वाकून म्हणत होती, "पदर पसर, माय."

केसरबाईच्या हातातली परात जड झाली. 

"मावशी, थांबा." अन्नपूर्णेनं पदर पोटाशी घट्ट आवळून धरला होता. "ओटी नोका भरू. मले दिवस नाही राह्यले."

गाणं मध्येच तुटलं.

"नाही राह्यले?"

"नाही. सात वर्सात एकदाही नाही. पुढं राहतीन का, मले माहीत नाही. आता सगळ्याजणी हायेत तं एकदाच सांगते. म्हणजे येका-येकीले सांगाचं काम पडणार नाही."

बाया एकमेकींकडे पाहू लागल्या. सात वर्षं त्यांनी हाच प्रश्न विचारला होता; पण याचं कोणी उत्तर देईल, आणि तेही एवढं सरळ, याची त्यांना सवय नव्हती. कोणीतरी लोणारच्या एका वैद्याचं नाव घेऊ लागली, तिला शेजारणीनं चिमटा काढला.

"मंग हा पलंग काऊन मांडला?" मनकर्णाबाईनं विचारलं. आवाजात राग होता. फसवल्यासारखं वाटलं होतं तिला.

अन्नपूर्णेनं तक्का बाजूला सारला. "दूर एका मुलखात बाया होत्या, मावशी. त्या अशा घरात बसत. ठरल्या दिवशी लोक येत. ती बाई येक गोष्ट काढे, अन् मंग सारे बोलत."

"अन् तिचा नवरा?"

"तो कोठी असे, हे पुस्तकात लिहिलं नाही."

मागून कोणीतरी फिसकन हसली.

"त्यायले लेकरं होती?"

"काहीजणीले होती, काहीजणीले नव्हती."

"नव्हती त्या काय सांगत लोकायले?"

"त्यायले कोणी विचारतच नव्हतं."

मनकर्णाबाईनं तिला एकदा वरपासून खालपर्यंत न्याहाळलं. मग हातातला खण आणि नारळ तिनं पलंगाच्या कोपऱ्यावर ठेवला, लुगडं सावरलं आणि त्याच पलंगावर धप्पकन बसली. शिसवी पलंग कुरकुरला.

"आलोच हावो तं बसू. चाला गं, बसा. काढ तू गोष्ट. पण ते प्रेमाबिमाचं नोको काढू, ते बाहेरच्यायले राहू दे."

बाया सतरंजीवर, खुर्च्यांवर, मिळेल तिथं टेकल्या. खुर्चीवर बसायचा काहीजणींचा पहिलाच प्रसंग होता. त्या पाठ न टेकता, पडू की काय अशा बसल्या. अन्नपूर्णेनं पाय वर घेतले, मांडी घातली.

"मंग सांगा," ती म्हणाली. "आपल्या मनात आलं, नुसतं बसावं वाटलं, तं आपण कोठी जाऊन बसतो?"

आधी बायांनी एकमेकींना कोपरानं ढोसलं. मग एक म्हणाली, विहिरीवर. दुसरी म्हणाली, हट्, विहिरीवर सासू मोजते किती हंडे झाले. तिसरी म्हणाली, देवळात. तिला चौथीनं विचारलं, देवळात बसतं का नव्या लुगड्याले हवा देतं? हसणं उसळलं. कोणाच्या तरी सुनेच्या नथीचा विषय निघाला, ती नथ खरी की मुलाम्याची यावर फार खोल चर्चा झाली. हेडमास्तरांच्या 'वस्तुतः'पेक्षा ती काही उंच नव्हती, लांब मात्र तेवढीच होती. अन्नपूर्णेनं नुसती मान वळवून मनकर्णाबाईकडे पाहिलं, आणि नथ आपोआप मागे पडली.

"मी सांगू?" मनकर्णाबाई म्हणाली. "मी मयतीत जातो. जवळचं मेलं, दूरचं मेलं, कोणीबी मरू दे, मी जातो. तिथं भिंतीले टेकून बसलं का कोणी उठ म्हणत नाही. च्या ठेव म्हणत नाही. आमच्या माणिकच्या बापाच्या मयतीत मी तेरा दिवस बसलो. लगीन झाल्यापासून तेवढं कधीच बसलो नव्हतो."

कोणी हसलं नाही. मग ती स्वतःच हसली, पोट हलवून, डोळ्यांत पाणी येईपर्यंत. आणि तिच्यामागून सगळ्या.

केसरबाई अजून दारातच उभी होती. तिलाही कोणीतरी विचारावं असं तिला वाटत होतं. कोणी विचारलं नाही. तिच्या हातात परात होती. परात हातात असलेल्या बाईला कोणी काही विचारत नसतं.

बाहेर ओट्यावर वेगळीच बैठक भरली होती. माणिकरावांची जीप येऊन थांबली तेव्हा भाऊराव हार घेऊन पुढे धावला. पण पुढारी आत जायला निघाले तसा आईचा आवाज कानी आला, आणि ते शाळकरी पोरासारखे जागीच थबकले.

"आमची माय आत हाय?"

"हाव... म्हणजे..." भाऊरावच्या हातातला हार हातातच राहिला.

"हासून राह्यली?"

माणिकराव ओट्यावर बसले. हेडमास्तर, पोस्टमास्तर, डॉक्टर आधीच रांगेनं बसले होते, पोळ्याच्या दिवशी मिरवणुकीतून परत पाठवलेल्या बैलांसारखे. आत हसण्याच्या लाटा उठत होत्या. माणिकरावांनी दाराच्या फटीतून डोकावून बायांची डोकी मोजली. पुढाऱ्याला दुसरं काही मोजता येत नाही.

"भाऊराव," ते खालच्या आवाजात म्हणाले, "गावोगाव सभा घेऊन राह्यलो, येक बाई येत नाही. मतं बायायचीबी असतात ना गा. तुमच्या घरात पुरं गाव बसलं. अन् आमी तिकिटाले मानूस शोधून राह्यलो!"

भाऊरावचा चेहरा असा उजळला की जणू पलंग त्यानंच वाहून आणला होता.

दिवे लागायच्या सुमाराला बाया उठल्या. जाताना एकीनं विचारलं, पुढच्या गुरुवारी कधी याचं? दुसरीनं चिंचा तिथंच ठेवल्या, असू दे म्हणाली. जीप गेली. भाऊराव बैठकीत आला. अन्नपूर्णेचा पदर नाकापर्यंत आला, केसरबाई मध्ये उभी राहिली. सगळं रीतीप्रमाणे.

"तिले सांग, गुरुवार बंद नाही कराचा. निवडणूक होईपर्यंत बिलकुल नाही. पुढच्या बारीले दुप्पट बाया पायजेत. माणिकराव दोन शब्द बोलतीन, मी बोलीन, अन् तिनं तेवढं सगळ्यायले शेवटी सांगाचं, मत कोणाले द्याचं ते."

केसरबाई पलीकडे वळली. तोंडात तयार वाक्य होतं: हे खूश झाले म्हणतात. पण ते बाहेर पडायच्या आधीच पदराआडून आवाज आला, हळू, पण एकेक अक्षर निवडून पाखडलेलं.

"त्यायले सांगा, बोलवणारी मी. कोण येईन, कोण बोलीन, हे मी ठरवीन. त्यायले मत मांगाचं असीन तं अडतीवर मांगा म्हणा. इथं मांगाचं असीन तं गुरुवार आजपासून बंद, अन् पुढच्या गुरुवारी ज्या येतीन त्यायले काऊन बंद केला हे मी ओट्यावर उभी राहून सांगीन."

 भाऊराव बायकोकडे पाहत होता. नेहमीसारखं ती याचं काहीतरी मऊ करून देईल, "हाव म्हणते" असं काही. मग उद्या त्याला त्याच्या मनासारखं करता येईल. केसरबाईलाही तेच करायचं होतं. नवऱ्याला तिकीट मिळावं असं तिला वाटत होतंच की. अडत्याची बायको आणि मेंबरची बायको यांत फरक असतो, तो तिला चांगला कळत होता.

"ती म्हणते," केसरबाई म्हणाली आणि थांबली. "ती म्हणते, बोलवणारी ती."

मग तिनं उरलेलंही सगळं सांगितलं. एक अक्षर गाळलं नाही, एक जोडलं नाही. अडतीवर मागा, तेही सांगितलं.

 इतक्या वर्षांत भाऊरावला धाकट्या भावाच्या बायकोचं बोलणं पहिल्यांदाच जसंच्या तसं मिळालं होतं, आणि त्याचं काय करायचं ते त्याला कळेना. "पाहू," तो म्हणाला आणि ओट्यावर निघून गेला. तिकीट हवं असेल तर बाया हव्यात, आणि बाया हव्या असतील तर ही हवी. हा हिशेब त्याला करायला थोडा वेळ लागणार होता, पण अडत्याच होता तो, चुकणार नव्हता.

बैठकीत दोघी जावा उरल्या. बोरांच्या बिया, चुरगळलेली सतरंजी, कवठाचा वास. केसरबाई खाली बसून बिया वेचू लागली.

"जाऊबाई," अन्नपूर्णा म्हणाली. पदर आता खांद्यावर होता. "पलंग इथं मांडला तं गाव काय समजीन, हे तुमाले ठावं होतं ना?"

नाही म्हणता आलं असतं. हसून पदर ओठांना लावता आला असता.

"हाव," केसरबाई म्हणाली.

अन्नपूर्णा रडली नाही, रागावलीही नाही. तिनं पलंगाच्या कोपऱ्यावरचा हिरवा खण उचलला, त्याची घडी नीट केली, त्यावर नारळ ठेवला आणि दोन्ही केसरबाईच्या मांडीवर आणून ठेवलं.

"हे मनकर्णामावशीले वापस नेऊन द्या. आत्ताच. गड्याच्या हाती नाही, तुमी सोता जा. आणलेली ओटी वापस काऊन, असं त्या विचारतीन. काय सांगाचं ते मी नाही सांगणार. तुमचं तुमीच सांगा."

केसरबाई उठली. खण-नारळ पदराखाली घेऊन अंगण ओलांडलं, गल्लीत आली. मनकर्णाबाईचं दार गल्लीच्या त्या टोकाला, कंदील लागलेला दिसत होता. चालता चालता तिनं मनात एक वाक्य जुळवून पाहिलं: धाकटी म्हणते की. नाही. दुसरं जुळवलं: घरचे म्हणतात. तेही नाही. जन्मभर तिनं ह्याचं त्याला आणि त्याचं ह्याला सांगितलं होतं. आता 'मी' म्हणून सुरू होणारं एक वाक्य तिला पाहिजे होतं आणि ते जिभेवर येत नव्हतं.

दार उघडलं. "काय वो केसरबाई," मनकर्णाबाई कंदील वर करून म्हणाली, "कोणाचा निरोप आणला?"

"कोणाचाच नाही," केसरबाई म्हणाली. "मी आली."